रुखवताच्या कुरडया आणि तिसरीच्या वर्गाचं यंत्र

माझ्या सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, आणि त्याला कारण विज्ञान होतं.

(आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून इथून पुढं आत्याबाईच म्हणते. त्या चार दिवसांत तेवढंही म्हणायची सोय नव्हती!)

मी औशाला तिसरीच्या वर्गावर बाई आहे. वर्गात बत्तीस पोरं, आणि बत्तीसही जणांच्या आया, आज्या आणि शेळ्या माझ्या ओळखीच्या. शिकवण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मुख्याध्यापकसुद्धा माझ्या वर्गात दार वाजवून येतात. तर मार्चच्या शेवटी लातूरला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय होता, लहान मुलांना विज्ञान आणि यंत्रं बनवायची विद्या कशी शिकवायची. निम्मे लोक जेवण कसं आहे ते बघायला आले होते. मी मात्र पहिल्या बाकावर, दोन पेनं घेऊन! अडचण शोधा, विचार करा, चित्र काढा, बनवून बघा, तपासा, सुधारा. सगळं वहीत उतरवलं. "मुलांचं निरीक्षण नीट ऐका," असं शिकवणारे सर तीनदा म्हणाले, तेही लाल पेनानं लिहिलं. (लिहिलं. ऐकलं, असं मी म्हटलेलं नाही.)

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं घरी आले, तर गच्चीवर आत्याबाई हातात काठी घेऊन आभाळाकडं बघत उभ्या.

"मेल्यांनो! शिवा शिवा शिवा! सगळ्या कुरडया नासविल्या की गं!"

झालं होतं असं. माझ्या नणंदेच्या पोरीचं, वैष्णवीचं लग्न एप्रिलात लातूरला ठरलेलं. आमच्या घराण्यात कुठल्याही पोरीच्या लग्नात रुखवतावर आत्याबाईंच्या हातच्या कुरडया असतातच. पांढरी, गुलाबी, हिरवी, पिवळी, केशरी, अशा पाच रंगांच्या. मांडवातल्या बायका नवरदेवाला नंतर बघतात, आधी कुरडई उचलून उजेडात धरतात. आणि ही तर पहिली नात! आत्याबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक बसवून, पहाटे उठून कुरडया घातल्या, आणि खाली चहा प्यायला गेल्या तेवढ्यात गावच्या किल्ल्यातल्या पारव्यांनी पंगत उठवली.

"दुसरा घाणा घालते अन् काठी घिऊन सोता बसते वर," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचं वय सत्तरीच्या पुढं, वर एप्रिलचं ऊन. मला एकदम वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या आधी आनंद झाला. अडचण! शोधायलाही लागली नाही, घरबसल्या मिळाली!

"आत्याबाई, घाई करू नका. मला पंधरा दिवस द्या. माझा वर्ग यंत्र बनवतो."

"कसलं यंत्र?"

"पारवे हाकलायचं. तुम्ही खाली सावलीत बसून नुसती दोरी ओढायची."

"पंधरा दिवसांनी येणाऱ्या शुक्रवारी लग्न हाय. त्या सोमवारपर्यंत कुरडया घातल्या न्हाईत तर वाळायच्या न्हाईत, अन् परत गहू भिजवायला टाईम न्हाई. ध्यानात ठेव."

"सोमवारी पहाटे घाला. माझी जबाबदारी!" मी म्हणाले. असं छातीठोक बोलायची मला सवयच आहे. शिक्षकी पेशात ती लागतेच.

आमच्या ह्यांचं भुसाराचं दुकान आहे. ते जेवताना हळूच म्हणाले, "सुनंदा, एक मच्छरदाणी टाकली असती बाजेवर, तर..."

"त्यात मुलं काय शिकणार?" मी विचारलं. त्यावर त्यांनी भाकरी कुस्करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात अडचण मांडली. पोरं नुसती उसळली!

"बाई, गोफण!"

"बाई, आमचं मांजर बांधू!"

"बाई, पारव्यांना दुसरीकडं जेवायला घालू!"

हे शेवटचं समृद्धीचं. समृद्धी म्हणजे वर्गातली सगळ्यात शांत पोरगी, दोन वेण्या, एक वही आणि कायम काहीतरी लिहिणं. मी तिला म्हटलं, "ती माघार झाली बाळा, यंत्र नाही." आणि चार गट पाडले.

आमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. पालकांच्या सह्या घेऊन मी रोज सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला सगळा वर्ग आमच्या गच्चीवर न्यायला लागले. पहिल्या गटानं बुजगावणं केलं, त्याला ह्यांचा लग्नातला सदरा घातला. पारवे त्याच्या खांद्यावर बसले. (ह्यांनी तो सदरा परत घातला नाही.) दुसऱ्या गटानं कुरकुऱ्यांची चमकणारी पाकिटं टांगली, ती वाऱ्यानं थेट आमच्या शेजारणीच्या फोडणीत. तिसऱ्या गटाचं चित्रच संपेना. चौथा गट अरफातचा. अरफात म्हणजे हात आणि तोंड दोन्ही एकाच वेळी चालवणारा कार्यकर्ता! त्यानं गच्चीवर आडवी दोरी बांधली, तिला जुन्या ताटल्या, पळ्या आणि तेलाचा रिकामा डबा अडकवला, आणि दोरीचं टोक कठड्यावरून खाली ओसरीपर्यंत सोडलं. खालून ओढलं की वर असा दणका, की समोरच्या टपरीवाल्यानं दुकान सोडून वर बघितलं.

"अम्मी रोटीसाठी बोलवताना ताट वाजविते बाई, तवा पूरी गल्ली येते. मंग पारवे जातील की पळून," अरफात म्हणाला.

या वाक्यात कुठंतरी गडबड आहे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी त्याला शाबासकी दिली.

आता आली तपासणी. आत्याबाई खऱ्या कुरडया द्यायला तयार नव्हत्या, म्हणून बाजेवर पापडाचे तुकडे मांडले. पण पारवे येईनात! बत्तीस पोरं गच्चीवर असताना कोण येईल? मी म्हटलं, तपासायला पारवे तर पाहिजेत. ह्यांच्या दुकानातून ज्वारीची पिशवी आणली. आणि वर्गाला शिस्त असावी म्हणून क्रम लावून दिला. आधी मी ताट वाजवणार, ठण् ठण् ठण्. कारण घंटेशिवाय तास सुरू झालेला मला चालत नाही! मग अरफात ज्वारी टाकणार, मग सगळे जिन्यात लपणार, मग पारवे येणार, मग खालून दोरी ओढायची, आणि समृद्धी वहीत लिहिणार.

पहिल्या दिवशी सात पारवे आले. दोरी ओढली, दणका झाला, आणि जिन्यातून बत्तीस पोरं एका दमात ओरडली, "उडाऽऽऽलेऽऽ!" आणि खरंच उडाले! मी समृद्धीला म्हणाले, "लिही, यंत्र यशस्वी."

दुसऱ्या दिवशी वीस आले. दोरी, दणका, "उडाऽऽऽलेऽऽ!" यशस्वी. तिसऱ्या दिवशी मोजता येईनात. यशस्वी! चौथ्या दिवसापासून तर अरफातनं पिशवीत हात घालायच्या आत कठड्यावर रांग लागलेली असायची. मी पोरांना म्हणालेसुद्धा, "बघा! पारवे ताट वाजलं की वेळेवर हजर होतात. नाहीतर तुम्ही!"

समृद्धीनं हात वर केला. "बाई, पारवे ताट वाजलं की येऊन राहिलेत."

"तेच तर म्हणतेय मी."

"न्हाई बाई. ज्वारी टाकायच्या आधीच येऊन राहिलेत. अन् आपण ओरडलो न्हाई तर उडत न्हाईत. काल खोकल्यानं पोरं कमी ओरडली, तर अर्धे बसूनच ऱ्हायले."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हुशार आहेस. पण पक्ष्यांना एवढी अक्कल नसते बाळा. लिही, यशस्वी."

बिचारीनं लिहिलं. मी शनिवारी केंद्रप्रमुख साहेबांना फोन लावला आणि सोमवारचं निमंत्रण देऊन टाकलं.

सोमवारी पहाटे आत्याबाईंनी कुरडया घातल्या. काय घातल्या होत्या! पाच बाजा, पाच रंग, एकेक कुरडई कंपासानं गोल काढल्यासारखी. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंनी अंघोळ करून कपाळाला भस्म लावलं, नवं लुगडं नेसल्या आणि खाली ओसरीत पाटावर बसल्या. उद्घाटनाची दोरी त्यांच्याच हातात!

नऊ वाजता साहेब आले, पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट. मी वर्गाला शनिवारीच दम दिला होता. साहेबांसमोर एक शब्द नको! बत्तीस पोरं कठड्याला टेकून, तोंडावर बोट ठेवून उभी. आभाळ मोकळं. चिटपाखरू नाही.

"पारवे कुठायत बाई?" साहेबांनी मोबाईल काढत विचारलं.

"यंत्र लावल्यापासून गच्चीकडं फिरकतच नाहीत सर," मी म्हणाले. (त्या दिवशी मी ताट वाजवलं नव्हतं, म्हणून नव्हते.)

"बरं, मला पुढं आणखी एक शाळा करायची आहे. वाजवून तर दाखवा. व्हिडिओ घेतो."

मी कठड्यावरून वाकून हाक दिली, "आत्याबाई, ओढा!"

दणका झाला. किल्ल्याच्या बुरजावरून काहीतरी काळं उठलं. मला वाटलं धूर. जवळ आल्यावर बघते तर पारवे! शेकड्यांनी! अख्खा किल्ला आमच्याकडं जेवायला निघालेला.

"अरे वा! एवढे!" साहेब खुशीत म्हणाले. "आता हाकला."

"आत्याबाई, ओढाऽऽ!"

खाली आत्याबाईंना वाटलं, आपल्या नातीच्या कुरडयांवर संकट आलंय. त्यांनी दोन्ही पाय खांबाला लावले आणि दोरी ओढायला लागल्या. ठण् ठण् ढम् ठण्! जितक्या जोरात त्या ओढत होत्या, तितके पारवे जास्त. पलीकडच्या दर्ग्यावरचे आले, बाजारातले आले, मला तर वाटलं आता लातूरचे निघतील!

"आलेत का गं अजून?" खालून आवाज.

"हो! ओढा! अजून ओढा!"

हे मी म्हणाले. मी! पदवीला विज्ञान घेतलेल्या बाईनं!

ओल्या कुरडयांवर पारवे उतरले. गुलाबीवर उतरले, हिरवीवर उतरले, पाय चिकटले म्हणून फडफडले, फडफडून केशरीत गेले. ज्वारी सापडेना म्हणून चीक उकरायला लागले. आणि पोरं? तोंडावर बोट! एकही हलेना. अरफातच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोट न काढता तो कसाबसा बोलला, "बाई... ओरडू का?"

"ओरडाऽऽ!" मी किंचाळले.

"उडाऽऽऽलेऽऽ!"

पारवे एकदम उठले. साहेब दचकून मागं सरले आणि उरलेल्या एकमेव चांगल्या बाजेवर बसले. पिवळ्या. उठले तेव्हा त्यांच्या पॅन्टीला मागं नऊ कुरडया होत्या, आणि त्याच तेवढ्या शाबूत होत्या.

खालची दोरी थांबली. आत्याबाई एकेक पायरी चढत वर आल्या. धापा टाकत होत्या, तळहात लाल झाले होते. पाचही बाजा बघितल्या. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक गुलाबी तुकडा उचलला, पदरात घेतला आणि खाली निघून गेल्या.

त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलणं ह्यांच्यामार्फत सुरू झालं. मी समोर बसलेली असताना आत्याबाई म्हणायच्या, "सांग तुझ्या बायकोला, चहा निवून राहिलाय." ह्यांनी सांगायचं, मी प्यायचा. शुक्रवारी लग्न. गहू भिजवायला वेळ नाही. आत्याबाईंच्या आयुष्यातलं पहिलं रिकामं रुखवत, तेही सख्ख्या नातीचं! आणि जबाबदारी कोणाची, तर छातीठोक घेतलेली. रात्री मला जेवण गेलं नाही. साहेबांनी अहवालात काय लिहिलं, याची तर मला शुद्धसुद्धा नव्हती.

मंगळवारी वर्गात उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. "बाई चुकल्या. समृद्धीनं बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आपण पारव्यांना हाकललं नाही, बोलवायला शिकवलं. आणि आज्जीच्या कुरडया माझ्यामुळं गेल्या." बोलता बोलता मला रडूच आलं. इतक्या वर्षांत मी पोरांना रडवलं असेल, पोरांसमोर रडले पहिल्यांदा.

अरफातनं हात वर केला. "बाई, ताटल्या काढून टाकू का?"

"काढा रे बाबांनो."

"अन् कुरडया?"

"कुरडया गेल्या, अरफात. त्याला यंत्र नसतं."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मी फळ्याकडं वळले आणि गुणाकार लिहायला घेतले. गुणाकारात माणसाला रडू येत नाही.

बुधवारी सकाळी शाळेला निघायच्या आधी दार वाजलं. उघडते तर गल्लीत बत्तीस पोरं! प्रत्येकाच्या हातात डबा, परडी, नाहीतर वर्तमानपत्राची पुडी. सगळ्यांत पुढं अरफात.

"आज्जी हायत का?"

आत्याबाई ओसरीत आल्या. अरफातनं डबा उघडला. "अम्मीनं दिल्यात. यंदाच्या हायत. आमच्या सगळ्याच्या घरी कुरडया असतेत आज्जी. पाच पाच आणल्या आमी."

असं करा म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणात शिकवलंही नव्हतं. बत्तीस घरं पोरांनी एका संध्याकाळीत पालथी घातली होती.

आत्याबाई मात्र तपासायला बसल्या! चष्मा लावून एकेक कुरडई उजेडात धरायला लागल्या. "ही कुणाची? जाड हाय. मागं ठेवू. ही कुणाच्या आईची? चीक नीट बसला न्हाई. ही..." आणि थांबल्या. गुलाबी कुरडई, सुतासारखी बारीक तार. "ही कुणाची रे?"

"माझ्या अम्मीची," अरफात म्हणाला.

"तुझ्या अम्मीला म्हणावं, लग्नाला यायचं. रुखवताशेजारी बसायचं. अन् सोऱ्याची चकती कुठून आणली ते सांगायचं."

समृद्धी वही घेऊन खाली बसली आणि कोणाच्या घरच्या किती, कोणत्या रंगाच्या, ते लिहायला लागली. मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. आत्याबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. "सांग तुझ्या बायकोला, पोरगी लिहून राहिलीय. मधी बोलू नको म्हणावं."

मी गुपचूप वर्तमानपत्राच्या पुड्या सोडायला घेतल्या.

शुक्रवारी लातूरच्या मंगल कार्यालयात रुखवत मांडलं. काय दिसत होतं! लहान-मोठ्या, जाड-बारीक, गोल आणि गोल व्हायचा प्रयत्न केलेल्या, आठ-नऊ रंगांच्या कुरडयांचा डोंगर. दोन बायका तर फोटो काढत होत्या. अरफातची अम्मी आणि आत्याबाई शेजारी शेजारी खुर्च्या टाकून कोणता गहू चांगला यावर भांडत होत्या, म्हणजे मैत्री पक्की झाली होती. मी लांब खांबाआड उभी. वैष्णवीच्या सासरकडच्या एक म्हाताऱ्या आजी कुरडई उजेडात धरून म्हणाल्या, "कुणाच्या हातच्या हायत ओ ह्या?"

आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं, मला शोधलं आणि हातानं जवळ बोलावलं. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"ह्या माझ्या सुनेच्या वर्गाच्या हायत. मास्तरीण हाय माझी सून."

"हाव का? काय शिकविते?"

"इज्ञान. तिसरीच्या पोरायला, अन् किल्ल्यातल्या पारव्यायला."

"बया! मंग शिकतेत का?"

"पारवे आठ दिवसांत शिकले," आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला, तळहात अजून खरखरीत होता. "पोरायला आधीच येत होतं. ऱ्हायली ती बाई!"

सगळ्या बायका खदाखदा हसल्या. टाळी मात्र आत्याबाईंनी माझ्याकडं मागितली, आणि मी दिली. नाही देऊन सांगते कोणाला?